करंजोशी बुडाली ती तारीख

तिकोणा पेठ
३ जून २०२४

यशोधराबाई यांस हनुमंताचा रामराम.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर मला हल्ली नुसती घरघर ऐकू येते. मुलाला, निलेशला, मध्ये बसवून बोलावं तर तो माझ्या चार वाक्यांचं एक करून सांगतो. म्हणून कागद घेतला. चौथीत एका वर्गात असताना तुम्ही माझं शुद्धलेखन तपासायचात, आता पुन्हा तपासा.

काम असं आहे. लोणावळ्याच्या पेपरात तुम्ही रोज दिनविशेष लिहिता, तो मी न चुकता वाचतो. कोणत्या शतकात कोण जन्मलं, कुठली लढाई झाली, कुठला पूल उघडला, सगळ्यांना तुम्ही एका तारखेच्या ओसरीवर आणून बसवता. शाळेतून रिटायर झालात तरी हजेरी घेणं काही सुटलं नाही.

या हजेरीत एक नाव राहिलंय. आपलं करंजोशी. पवनेच्या पाण्याखाली गेलं त्याला पन्नास वर्षं उलटली. नातू विचारतो, आजोबा, आपलं मूळ गाव कुठलं? मी पाण्याकडे बोट दाखवतो. तो म्हणतो, तिथं तर बोटिंग आहे. आता ह्याला काय सांगायचं? आपली माणसं कोणी इंदुरीला, कोणी तळेगावच्या सोसायटीत, कोणी इथं पेठेत. जत्रा पाण्यात गेली, एकत्र यायला दिवस उरला नाही. पेपरात तारीख आली तर निदान एक दिवस होईल.

तारीख सांगतो. ९ ऑगस्ट १९७१, तिसरा श्रावणी सोमवार. आमची आई येसूबाई मुगाची मूठ घेऊन महादेवाला गेली आणि पिंड दिसेना म्हणून पाण्यातच मूठ सोडून परत आली. रडत आली नाही, हे मला आठवतं. दारात बसल्यावर रडली.

एक ओळ द्या, बाई. तुमच्या आईला, विठाबाई मावशींना, माझा नमस्कार. त्यांनाही बरं वाटेल.

आपला
हनुमंत

लोणावळा
१४ जून २०२४

हनुमंतभाऊ, जय भीम.

पत्र मिळालं. शुद्धलेखन चौथीपेक्षा बरं आहे, अक्षर मात्र तेच.

दिनविशेष वाचणारं कोणीतरी आहे हे कळून बरं वाटलं. संपादक प्रदीप मला नेहमी म्हणतो की बाई, हे कोपऱ्यातलं सदर फक्त तुम्ही आणि प्रूफवाला वाचता. पण त्याने एक शिस्त घालून दिली आहे आणि मी ती पाळत आले. घटना एकच, तारीख एकच. एकदा एखादी गोष्ट एका तारखेवर बसली की ती पुन्हा हलवायची नाही, नाहीतर वाचक कशावरच विश्वास ठेवणार नाही.

नऊ ऑगस्ट गर्दीची तारीख आहे. बेचाळीसची चळवळ, पंचेचाळीसचं नागासाकी, आणि आता आपल्याच मावळातला, ह्याच पवनेच्या पाण्यावरून झालेला २०११ चा गोळीबार. त्यात करंजोशी बसवायची तर तारखेला आधार लागेल. शिवाय मला अजून एक विचारायचं आहे. गाव एका दिवसात बुडतं का?

आई बरी आहे. पंच्याऐंशी झाली, गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

यशोधरा

तिकोणा पेठ
२६ जून २०२४

यशोधराबाई, रामराम.

हातच्या काकणाला आरसा कशाला? पण तुम्ही पडलात मास्तरीण, म्हणून आरसाही आणला. दत्तोबा आबांकडे गेलो. नव्वदीला टेकलेत, पण स्मरण पक्कं. ते म्हणाले नऊ ऑगस्ट. इंदुरीला जाऊन आलो, तिथली मंडळी म्हणाली नऊ ऑगस्ट. तळेगावात माझी चुलतबहीण ज्योत्स्ना राहते, तिलाही विचारलं. सगळ्यांना तो सोमवार आठवतो, कारण सगळ्यांच्या घरी उपास होता आणि सगळ्यांची चूल त्याच दिवशी हलली. आता याहून आधार कोणता आणू?

गाव एका दिवसात बुडतं का, असं विचारता. पाणी हळूहळू चढतं, हे खरं. पण देऊळ गेलं तेव्हा गाव गेलं असंच सगळे धरतात.

लिहिता लिहिता आठवलं. त्या पावसाळ्यात तुम्ही वस्तीतली सगळी पोरं शाळेच्या व्हरांड्यात राहायला होतात. काय मजा यायची! गुरुजींना वर्ग भरवताच येईना, आम्हाला महिनाभर फुकटची सुट्टी. तुमची आई व्हरांड्याच्या कोपऱ्यात भाकऱ्या थापायची, त्यांचा वास अजून नाकात आहे.

गावाने ठरवलंय, नऊ तारखेला सगळ्यांनी पाण्याच्या कडेला जमायचं. तुमची ओळ आली तर ती मोठी करून लावू. वाट बघतो.

हनुमंत

लोणावळा
१३ जुलै २०२४

हनुमंतभाऊ, जय भीम.

काल मी सदरात तीन घटना दिल्या. १६६० ला पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज निघाले. १९६१ ला पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरलं. १९८२ ला नाबार्डची स्थापना. चौथी दिली नाही, ती तुम्हाला सांगते.

१२ जुलै १९७१ ला आमची वस्ती बुडाली.

आम्ही खाली नदीजवळ होतो. आम्हाला नदीजवळच का ठेवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी आधी आमच्याकडे आलं. आषाढी पौर्णिमेची खीर होऊन चार दिवस झाले होते. त्या सकाळी आईने घर सारवलं. वडील कौलं उतरवत होते, ते वरून ओरडले की आता कोणासाठी सारवतेस? ती म्हणाली, "पानी येतंय न्हवं? घान घर देऊ का त्येला?" संध्याकाळी अंगणात पाणी आलं. आम्ही वर गावात आलो. देवळाचा सभामंडप कोरडा होता, रिकामा होता. आम्हाला शाळेचा व्हरांडा दिला.

तारीख मला कशी माहीत, तर गुरुजींनी व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘आज पानशेतच्या पुराला दहा वर्षे झाली.’ ओल्या कपड्यांनी त्या फळ्याखाली बसून मी ते वाचत होते. पुण्याचं पाणी फळ्यावर होतं आणि आमचं अंगणात होतं, आमचं कोणी लिहिलं नाही. दिनविशेष लिहायचं वेड मला तिथूनच लागलं असावं.

तुम्ही लिहिलंत, मजा यायची. भाऊ, पाऊस आडवा यायचा, व्हरांड्याला भिंत एकाच बाजूला होती.

तुमचं पहिलं पत्र आई डोक्यात घोळवत होती. परवा म्हणाली, "समद्या जगाचं दिस छापतीस. आमचा कंदी?" तिच्या हयातीत मला ती ओळ छापायची आहे, दुसरं काही नको. करंजोशी छापायची तर बारा जुलैलाच छापीन, असं मनात आहे.

यशोधरा

तिकोणा पेठ
२५ जुलै २०२४

यशोधराबाई, रामराम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मजा शब्द चुकला. दहा-अकरा वर्षांच्या पोराला जे दिसलं ते लिहिलं, पण आता माझं वय ते नाही.

बैठकीत मी तुमची तारीख मांडली. म्हणालो, दोन्ही द्या, बारा जुलै वस्ती आणि नऊ ऑगस्ट गाव. मग दत्तोबा आबा म्हणाले, "दोन तारखा छापल्या तर लोक म्हन्तील दोन गावं व्हती. आदीच पान्यानं तोडलंय, आता पेपरानं नगं." वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि नुसती बारा जुलै घेतली तर निम्मं गाव येणारच नाही, असं तरुण पोरं म्हणाली.

मी तुमच्यासाठी एवढं मिळवलं. या वर्षी नऊ ऑगस्टला गावाची ओळ येऊ द्या, म्हणजे माणसं जमतील, दिवस रुळेल. पुढच्या वर्षी बारा जुलैला वस्तीची ओळ तुम्ही द्या, कोणी हरकत घेणार नाही. आबांनी तसं कबूल केलंय. जिथं तंबू आणि बोटी आहेत तिथंच जमायचं, निलेशचाच धंदा आहे तो. तो गाडी पाठवील. विठाबाई मावशींना पहिल्या खुर्चीवर बसवतो, हा माझा शब्द. वस्तीतल्या सगळ्यांना बोलावणं आहे. करंजोशी सुटल्यापासून आपण एका जागी बसलेलो नाही.

मिळतंय तेवढं घ्या, बाई. आपल्या वयात फार ताणण्यात अर्थ नाही.

हनुमंत

लोणावळा
११ ऑगस्ट २०२४

हनुमंतभाऊ, जय भीम.

ओळ आली, तुम्ही पाहिलीच. ‘१९७१ : मावळातील करंजोशी गाव पवना जलाशयात बुडाले.’ प्रदीपने आधार विचारला तेव्हा मी म्हणाले, मी त्याच गावची. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तुमच्यावर राग नाही. आई पाणी बघायला येते म्हणाली, म्हणून मी मान्य केलं. तुम्ही शब्द पाळलात, तिला पहिली खुर्ची दिलीत, खांद्यावर शाल घातलीत. वस्तीतली आठच माणसं आली, पण आली. आबांनी तिला हात जोडले ते मी पाहिलं. देवळाचं शिखर कुठे असेल ते सगळे बोटांनी दाखवत होते. आई त्या बाजूला बघतच नव्हती. ती खाली, बोटी बांधतात तिकडे बघत होती. आमची घरं तिथं होती.

परत येताना गाडीत ती झोपली. खूप दिवसांनी अशी झोपली.

पुढचा जुलै फार लांब नाही. तोवर तिला जपते.

यशोधरा

तिकोणा पेठ
१९ जानेवारी २०२५

यशोधराबाई, रामराम.

बातम्या चांगल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. तुमच्या एका ओळीने काय काय केलं बघा. निलेश म्हणतो, फोनवर दिनविशेष सांगणारं कायसं असतं, त्यात नऊ ऑगस्टला करंजोशी आली. तळेगावच्या एका शाळेत प्रश्नमंजूषेत विचारलं म्हणे. नातू घरी येऊन मलाच सांगतो, आजोबा, तुमचं गाव कधी बुडालं माहीत आहे का? गाव करी ते राव न करी म्हणतात, इथं तुम्ही एकटीने केलं.

आता गाव वर्गणी काढून पाण्याच्या कडेला एक दगड बसवतंय. करंजोशीच्या घरांची नावं त्यावर कोरायची. आबा स्वतः लक्ष घालतायत.

अजून एक. तुम्हाला वाटत होतं की मावशींना नऊ तारीख रुचणार नाही. पण तुम्ही पेपर उघडून त्यांच्या कानाशी ती ओळ वाचलीत तेव्हा मी शेजारीच होतो. मला ऐकू काही आलं नाही, पण बघत होतो. त्यांनी मान हलवली, दोनदा. तोंडावर कसं समाधान आलं! सगळ्या गावाने पाहिलं. तेव्हापासून आबा सांगतात, वस्तीलाही तारीख पटली, विठाबाईनं मान हलवली. मलाही फार बरं वाटलं. जुन्या गोष्टी अशाच मिटाव्यात.

मावशींना दंडवत.

हनुमंत

लोणावळा
१४ जुलै २०२५

हनुमंतभाऊ, जय भीम.

एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा तुम्ही आलात, दिवसभर बसलात. ते लक्षात आहे.

बारा जुलैची ओळ मी आठवडाभर आधी पाठवली होती. ‘१९७१ : करंजोशीची खालची वस्ती पवना जलाशयात बुडाली.’ आईला ऐकवता येणार नव्हती, पण शब्द दिलेला होता. परवा पेपर उघडला. पन्हाळा, पानशेत, नाबार्ड. ओळ नाही. ऑफिसात गेले. प्रदीपने माझ्यासमोर गेल्या ऑगस्टचा अंक उघडला आणि म्हणाला, "बाई, हे गाव आपल्याकडे नऊ ऑगस्टला बुडालंय. तुम्हीच दिलंय. आता एक महिना आधी कसं बुडवू?"

मी त्याला समजावलं की वस्ती खाली होती, पाणी आधी तिथं आलं. तो म्हणाला, वस्ती गावातच येते ना? मग ती ओळीत आलीच की. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, आधार काय? मी म्हणाले, मी त्याच वस्तीची. त्याने गेल्या वर्षीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

तो उद्धट मुलगा नाही. नियम माझ्याइतका दुसऱ्या कोणी पाळला नसेल, तोच त्याने मला सांगितला. घटना एक, तारीख एक. शाळांतून, फोनवरून नऊ ऑगस्ट पसरली आहे आणि सगळ्यांचा आधार मीच आहे. मी आता खोटं ठरवू तरी कोणाला?

तुम्ही गावाकडून चार ओळींचं पत्र मिळवाल का, की वस्ती बारा जुलैला उठली? प्रदीप म्हणाला, तेवढं आलं तर विचार करीन. आबांनी कबूल केलं होतं असं तुम्ही लिहिलं होतंत.

यशोधरा

तिकोणा पेठ
३० जुलै २०२५

यशोधराबाई, रामराम.

हे पत्र लिहायला उशीर केला.

आबांकडे तीनदा गेलो. ते म्हणतात, मी कधी कबूल केलं? आठवत नसेल, वय झालंय. की आठवत असेल, कोण जाणे. मी ओरडून बोललो, घरातल्या सुना बाहेर आल्या. पत्र मिळालं नाही.

आणि दगड बसला. नऊ तारखेला उघडायचा आहे. त्यावर वर कोरलंय, ‘९ ऑगस्ट १९७१ रोजी पाण्याखाली गेलेली करंजोशीची घरे’. खाली नावं. मी बोट ठेवून सगळी वाचली. तुमच्या वडिलांचं नाव नाही. आपल्या वर्गातल्या नथूच्या घराचं नाही. वस्तीतलं एकही नाही.

मी आबांना विचारलं, ही काय रीत झाली? ते शांतपणे म्हणाले, "त्या दिशी वस्तीत घर व्हतं का? महिनाभर आदीच उठली व्हती. खोटं कसं कोरायचं? तारीख बाईनंच दिलीया, आन् विठाबाईनं मान हलवलीया." कारागिराला पैसे देऊन झालेत. पोरं म्हणतात, पुढच्या वर्षी बाजूला छोटा दगड लावू. पुढच्या वर्षी.

मी मध्ये पडलो नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं. सांगा, मी काय करू? म्हणाल तर नऊ तारखेला तिथं उभा राहून बोलतो. माझं कोणी ऐकेल असं नाही.

हनुमंत

लोणावळा
५ ऑगस्ट २०२५

हनुमंतभाऊ, जय भीम.

उभे राहू नका. तुमचं तिथं घर आहे, माणसं आहेत, उरलेले दिवस त्यांच्यात काढायचे आहेत. आबा दगडावर खोटं कोरत नाहीत. नऊ ऑगस्टला आमची वस्ती तिथं नव्हती, हे अगदी खरं आहे. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो आणि व्हरांड्यात कोणाचं घर नसतं.

दिनविशेष मी सोडला. प्रदीप आता तो फोनवरून घेतो. कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती गावभर उलटी सांगितली जाते आहे. आईने मान हलवली ती नऊ तारखेला नव्हे. मी पेपर तिच्या कानाशी धरला आणि छापलेलं वाचलंच नाही. मी वाचलं, ‘बारा जुलै एकोणीसशे एकाहत्तर, करंजोशीची खालची वस्ती बुडाली.’ तिला अक्षर येत नव्हतं. तिने विचारलं, "असंच लिवलंय?" मी हो म्हणाले. तेव्हा तिने मान हलवली. मला वाटलं होतं, वर्षाच्या आत ते खरं करून टाकीन.

तुम्ही शेजारी हसत होतात. मीही हसले.

ती ओळ एवढ्या एकाच माणसासाठी निघाली, आणि ते माणूस आता नाही. गावाला सांगू नका. सांगितलंत तर म्हणतील, बाईने आईलाही फसवलं, आणि तेही खोटं नाही.

नऊ तारखेला मी येत नाही.

यशोधरा